दोन्ही पायांचं माप

५ जानेवारी

वन्सं,

इथूनच वाकते, आशीर्वाद पोस्टाने पाठवा.

तुमची भावजय कालपासून नर्स झाली. तसं शिक्षण झालं, परीक्षा झाली, निकालही लागला होता, पण खरी नर्स झाले ती काल सकाळी, पांढरा कोट घालून वॉर्डात पाऊल टाकलं तेव्हा. रुग्णालयाने दिलेला कोट खांद्यात ओघळत होता. तो मी उसवून पुन्हा शिवला. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवल्यावर ओघळता खांदा घेऊन नोकरीला जाणं मला जमण्यासारखं नव्हतं.

तर मी आत शिरले आणि वॉर्डातले सगळे नातेवाईक उठून उभे राहिले. एका आजोबांनी बिस्किटाचा पुडा उशीखाली सारला. शिकाऊ डॉक्टर चहाचा कप मागे लपवून ताठ झाला. सत्तेचाळीस वर्षांचं वय, अर्धे पांढरे केस आणि वर चष्मा. त्यांना वाटलं, तपासणीला कोणी बड्या बाई आल्या. मी हळूच विचारलं, "थर्मामीटर कुठे ठेवतात हो?" मग सगळे एकेक करत खाली बसले, आणि आजोबांनी पुडा पुन्हा बाहेर काढला. माझ्यावरच्या सिस्टर माझ्या लेकीपेक्षाही लहान आहेत. त्या मला ताई म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणते, आणि दोघींनाही ते जड जातं.

नव्या नर्सला इथे आधी सगळ्या विभागांतून फिरवतात. मार्च संपता संपता मेट्रनबाईंना सांगायचं, की कोणता विभाग कायमचा घेणार. मग पुढचं शिक्षण त्याचंच, काम त्याचंच, आणि नंतर नाही आवडला म्हणून चालत नाही. शिवणकामात गिऱ्हाईक आपलं माप घेऊन यायचं. इथे माझं मलाच माप काढायचं आहे, आणि तेच कठीण जातंय.

तुमचे बंधुराज स्वयंपाक शिकत आहेत. काल भात लागला. म्हणाले, भांड्याचा तळ पातळ आहे.

तुम्ही मला कोटात बघायला येणार होतात, लक्षात आहे ना? "या वयात शिकायला निघालीस?" असं हे कुरकुरले, तेव्हा तुम्हीच यांना म्हणाला होतात, "या वयात तुला मिशा काळ्या करता येतात, मग तिला शिकायला काय झालं?" तेव्हापासून यांनी मिशांना रंग लावलेला नाही आणि मी मागे वळून पाहिलेलं नाही. तेव्हा या. फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तुम्हाला कबूल नसतं.

तुमची,
वहिनी


१२ जानेवारी

वहिनीबाई,

तुझं पत्र लाल शाईने तपासून सोबत परत पाठवते आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका आहेत. मजकूर चांगला, अक्षर घाईचं. दहापैकी सहा दिलेत. नर्सने काय लिहिलंय ते दुसऱ्या नर्सला वाचता आलं पाहिजे, नाहीतर सकाळची गोळी संध्याकाळी जायची.

आणि फोनचं म्हणशील तर मला छान ऐकू येतं. लोक पुटपुटतात. शिवाय फोनवर माणूस वाटेल ते खोटं बोलतो, पत्रात निदान विचार करून लिहितो.

विभागाचं मला विचारशील तर डोळ्यांचा घे. स्वच्छ काम, रक्त नाही, आरडाओरडा नाही. आमच्या घड्याळजींनाही उपयोग होईल. जन्मभर घड्याळं दुरुस्त करून त्यांचा उजवा डोळा भिंग लावल्यासारखा बारीक झाला आहे. माझ्याकडे बघतानासुद्धा काय बिघडलंय ते शोधत असल्यासारखे बघतात.

यायचं म्हणत होते, पण आमचा रस्ता खणून ठेवला आहे. नळ घालायचेत म्हणे. शिवाय हौसेने नवे बूट घेतले ते चावले, म्हणून सध्या घड्याळजींच्या जुन्या चपला घालून फिरते. त्या इतक्या मोठ्या आहेत, की मी थांबले तरी चपला आणखी दोन पावलं पुढे जातात. अशा अवतारात तुझ्या रुग्णालयात आले, तर तुझी पहिल्या दिवशीची सगळी पत जाईल. रस्ता झाला की येते.

माझ्या साखरेची चौकशी करायचं तू विसरलीस. बरं केलंस. ती उत्तम आहे. चौतीस वर्षं वर्ग सांभाळले, एक साखर काय सांभाळता येणार नाही मला?

भात जळाला तर त्याला तोच खायला लाव. आपोआप शिकेल.

तुझी,
वन्सं


२ फेब्रुवारी

वन्सं,

या वेळी शब्द जपून वापरते आहे, म्हणजे चुका कमी सापडतील.

माझा प्रसूती विभाग झाला. तिथे मी काय शिकले, तर बाप कसा झेलायचा. पहिल्याच दिवशी एक उंचापुरा गृहस्थ बायकोचा हात धरून तिला धीर देत होता, "घाबरू नकोस, मी आहे ना." बाळाचं डोकं दिसलं आणि हा मागच्या मागे कोसळला. मी मध्ये होते म्हणून वाचला. बाळ जन्मलं ते मला दिसलंच नाही, कारण त्याचे तीर्थरूप माझ्या अंगावर होते. त्यानंतर कोणी जाडजूड बाप आला, की डॉक्टरीणबाई मला हाक मारून त्याच्या पाठीमागे उभं करायच्या. तरी मला तो विभाग फार आवडला. दु:ख घेऊन येतात आणि हसत घरी जातात, असं दुसरं ठिकाण रुग्णालयात नाही.

मग लहान मुलांचा विभाग. तिथल्या एका चिमुरडीने अट घातली, आधी बाहुलीला सुई, मग मला. बाहुलीला सुई दिली. मग बाहुलीला ताप आला. मग तिला पलंग लागला. दुपारी मॅडम फेरीला आल्या आणि म्हणाल्या, "ताई, खिडकीजवळच्या पलंगावरच्या पेशंटचा तक्ता कुठे आहे?" मी म्हटलं, ती बाहुली आहे. त्या बाहुलीकडे आणि मग माझ्याकडे बघून पुढच्या पलंगाकडे गेल्या.

घरात मात्र कोणता विभाग घ्यावा यावर सगळ्यांचं मतदान चालू आहे, आणि जो तो आपल्या दुखण्याला मत देतो. तुमच्या बंधुरायांना कंबर दुखते, म्हणून ते म्हणतात हाडांचा घे. शेजारच्या काकूंचं म्हणणं पोटाचा. लेकीने होस्टेलवरून कळवलंय, की त्वचेचा घे, तिला पुटकुळ्या येतात. माझं मन विचाराल तर प्रसूतीकडे आहे.

रस्ता झाला का? तुमच्याखेरीज कोटाला नावं ठेवणारं कोणी नाही, त्यामुळे तो चांगला झालाय की नाही तेच कळत नाही.

तुमची,
वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनीबाई,

सव्वासहा गुण. बाहुलीसाठी पाव गुण जास्त दिला.

प्रसूतीच घे. मी डोळ्यांचं म्हणत होते, पण आनंदाची जागा असेल तर आनंदाचीच घ्यावी. त्या बाहुलीच्या पलंगाचं घड्याळजींना वाचून दाखवलं, तर ते हसले. म्हणजे मिशी हलली.

आमच्याकडची गंमत ऐक. परवा सकाळपासून घरात टिकटिक ऐकू यायची. घड्याळांचीच टिकटिक घरभर, त्यात नवल नाही, पण ही वेगळी. यांनी सगळी घड्याळं एकेक करून बंद केली तरी टिकटिक चालूच. मी स्वयंपाकघरात गेले की स्वयंपाकघरात, पुढच्या खोलीत आले की पुढच्या खोलीत. शेवटी ते म्हणाले, "जरा उभी राहा." मी उभी राहिले आणि टिकटिक थांबली. माझ्या चपलेच्या तळाला फळ्यावर कागद लावायची पिन रुतून बसली होती. सकाळपासून मी स्वतःच घड्याळ होऊन फिरत होते.

रस्त्याचं काम रखडलंय. वाचनालयातही जाणं होत नाही, शेजारचे पोस्टमास्तर पुस्तकं आणून देतात. निवृत्त माणसाला काही काम हवंच असतं, म्हणून मी त्यांच्यावर उपकार करते. सकाळचं फिरणंही तूर्त बंद आहे, कारण समोरच्यांनी कुत्रा पाळलाय आणि त्याची माझी ओळख झालेली नाही.

ओळख झाली की येते.

वन्सं


२७ फेब्रुवारी

वन्सं,

तुमची पिन मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवली. मॅडमला ठसका लागला.

आता माझं ऐका आणि कोणाला सांगू नका. माझी ऑपरेशन थिएटरची पाळी होती. तिथे सगळं शांत, एकेक वस्तू मोजूनमापून ठेवलेली, सर्जन बोलतात तेही डोळ्यांनी. मला वाटलं, हे आपलं घर. सुई, दोरा, कात्री, सगळी ओळखीची मंडळी. शेवटी सर्जन टाके घालत होते. शेवटचा टाका झाला, गाठ बसली, दोरा ताणून धरला, आणि मी वाकले. वन्सं, दाताने दोरा तोडायला वाकले मी. वीस वर्षांची सवय, मान आपोआप खाली गेली. तोंडावर मास्क होता आणि थिएटरच्या सिस्टरनी मागून कोटाला धरून ओढलं, म्हणून त्या पेशंटचं आणि माझं, दोघांचंही निभावलं. सर्जन नुसते म्हणाले, "कात्री आहे आपल्याकडे." थिएटर माझ्या यादीतून गेलं. मी त्यांच्या यादीतून त्याच्याही आधी गेले असणार.

आता शेवटचा विभाग राहिला आहे, तो जखमांचा. लांब बोळाच्या टोकाला, कोठीघराला लागून एक खोली आहे. जुन्या, न भरणाऱ्या जखमा घेऊन माणसं तिथे येतात, आठवडेच्या आठवडे येत राहतात. वास येतो. तिथे नेमणूक झाली म्हटल्यावर सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. चार दिवस सोसायचं आणि प्रसूती मागून घ्यायची, असं मी ठरवलंय.

एक विचारते, राग मानू नका. तुम्ही का येत नाही? आधी रस्ता, मग कुत्रा. ज्यांनी मला या वाटेवर ढकललं त्याच बघायला येत नाहीत, म्हणून मनाला लागतं. माझं काही चुकलं का? की आता प्रत्यक्षात मी लोकांची भांडी उचलते, अंग पुसते, ते तुम्हाला कमीपणाचं वाटतं? तसं असेल तर तसं लिहा. तुमच्या लाल शाईची मला सवय आहे, अबोल्याची नाही.

वहिनी


६ मार्च

वहिनीबाई,

गुण देत नाही, कारण पत्र तपासण्याच्या मनःस्थितीत नाही.

कमीपणा? तुला बारावीचं पुस्तक पुन्हा हातात घ्यायला कोणी लावलं? रोज घड्याळजींच्या मित्रांना "आमची भावजय नर्स आहे" हे कोण ऐकवतं? ते बिचारे पट्टा बदलायला येतात आणि तुझ्या परीक्षेचे गुण ऐकून जातात.

मी येत नाही कारण माझ्या सवडीने येणार आहे. एवढं कारण पुरे.

वन्सं


१५ मार्च

वन्सं,

तुमचं रागावणं वाचून जीव भांड्यात पडला. आता पुन्हा कधी असं मनात आणणार नाही.

जखमांच्या खोलीत ठीक चाललंय. तिथल्या मुख्य सिस्टरना सगळे पट्टीताई म्हणतात. जाडजूड आहेत, आवाज मोठा आहे, आणि पेशंटला रागावताना त्यांचे हात इतके हलके चालतात, की पेशंटला दोन्हींतलं खरं कोणतं ते कळत नाही. त्यांच्याकडून एक गोष्ट शिकले. जखम वरून मिटली म्हणून खूश व्हायचं नाही. ती तळापासून भरत यावी लागते. वरून आधी मिटली तर त्या मुद्दाम उघडी ठेवतात.

एक काम आहे. इथे रुग्णालयाजवळ एक चांभार आहे, पायाच्या मापाने मऊ चपला बनवतो. तुमचा वाढदिवस जवळ आला आहे, म्हणून तुम्हाला करून घ्याव्या म्हणते. भावजींच्या चपला किती दिवस घालणार? तर एवढं करा. कागद जमिनीवर ठेवून त्यावर पाय ठेवा, आणि भावजींना पेन्सिलीने पायाभोवती रेघ मारायला सांगा. दोन्ही पायांचं माप हवं. एका पायावरून चांभार चप्पल करत नाही.

तुमची,
वहिनी


२१ मार्च

वहिनीबाई,

सोबत दोन्ही पायांचं माप. उजवा आणि डावा, खाली तसं लिहिलंही आहे, कारण तुझा चांभार गोंधळायचा. रंग तपकिरी असू दे.

त्या जखमांच्या खोलीचं मात्र फार मनावर घेऊ नकोस. माणसं लहानसहान गोष्टीचा बाऊ करतात. जरा खरचटलं की चालले पट्टी बांधायला. आमच्या वेळी मलम लावायचं आणि कामाला लागायचं, दोन-तीन महिन्यांत आपोआप बरं होतं. तू प्रसूतीच घे. मेट्रनबाईंना लवकर सांगून टाक म्हणजे विषय संपला.

वन्सं


२४ मार्च

वन्सं,

आता मी तपासते.

तुम्ही पाठवलेले दोन्ही पाय उजवे आहेत. पहिला कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला आणि त्यावरून दुसरा गिरवला, बरोबर? करंगळीच्या बाजूला पेन्सिल जिथे घसरली आहे, ती दुसऱ्यातही नेमकी तिथेच घसरली आहे. अंगठा तेवढाच वाकडा, टाच तेवढीच रुंद. वन्सं, वीस वर्षं मी माणसांची मापं घेतली. कोणाचा डावा खांदा खाली असतो, कोणाचा एक हात लांब असतो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेली एकही बाई माझ्या दुकानात आली नाही. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्यात, आणि आज स्वतःच्याच पायाची कॉपी केलीत. शून्य गुण.

चपला पाठवायच्या आहेत हे खरं आहे, पण माप मागवलं ते दुसऱ्याच कारणाने. पट्टीताईंची एक रीत आहे. नवा पेशंट आला की त्या आधी पाय बघत नाहीत, चप्पल बघतात. साखरवाला माणूस दुसऱ्याच्या, मोठ्या, सैल चपला घालून आला, की त्याला म्हणतात, "बसा, दाखवा काय लपवलंय ते." मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा समोरच्या बाई नवऱ्याच्या चपला घालून आल्या होत्या. माझ्या हातातली पट्टी खाली पडली. घरी येऊन तुमची पत्रं पुन्हा वाचली. चपला, रस्ता, कुत्रा, पोस्टमास्तर, बंद झालेलं फिरणं. सगळं लिहिलं होतंत तुम्ही, आणि नर्स झालेली मी तुमची पिन लोकांना वाचून हसवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत.

ती पिन नुसती चपलेच्या तळाला नव्हती ना? तुम्हाला ती टोचलीच नाही, कारण त्या पायाला काही जाणवतच नाही. न दुखणारी जखम हीच सगळ्यात वाईट. आपोआप बरं होतं म्हणून दोन-तीन महिने वाट पाहिलेले पाय मी रोज बघते आहे. त्यांतले काही घोट्यापासून गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, झाकलेला पाय नसतो.

मला भीती वाटते आहे, ती लपवून लिहिता येत नाही. उत्तर लिहू नका. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येते. तोवर पाय जमिनीवर टेकवायचा नाही, मलम लावायचं नाही, आणि भावजींना शपथ घातली असेल तर ती मी आत्ता या पत्राने सोडवते.

वहिनी


२६ मार्च

चि. वहिनीस,

डावा. करंगळीच्या खाली. आधी बुटाचा फोड, नंतर पिन. पिन आरपार होती, चिमट्याने मी काढली. तिने हूं की चूं केलं नाही, तेव्हा मला शंका आली होती. बोलू दिलं नाही.

काळं दिसतंय.

ती म्हणते, येऊ नकोस असं लिहा. त्याप्रमाणे लिहिलं आहे. लवकर ये.

घड्याळजी


३० एप्रिल

वहिनीबाई,

तुझ्या रुग्णालयातून घरी येऊन आठवडा झाला. पाय उशीवर आहे, घड्याळजी स्वयंपाकघरात आहेत, आणि ते भाजीत मीठ भिंगातून बघून टाकतात.

तू निरोपाला रडलीस म्हणून हे आधीच लिहिते. एक बोट गेलं, पाय राहिला. मी शाळेत नेहमी म्हणायचे, एकाला वर्गाबाहेर काढलं की बाकीचा वर्ग शांत बसतो. उरलेले चौघे फारच शिस्तीत आहेत.

का लपवलं, ते मी तिथे असताना तू विचारलं नाहीस. आता सांगते. माझी आई याच साखरेने गेली, आणि जाताना तिचा पाय नव्हता. तू सून म्हणून आलीस त्याच्या आधीची गोष्ट. फोड पाहिला त्या दिवशी मला तीच आठवली. दाखवलं नाही तर ते खरं होणार नाही, असं काहीतरी मनाने घेतलं. चौतीस वर्षं मुलांना सांगत आले, प्रश्न वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. मी प्रश्नच दुमडून ठेवला. तुझ्या कोटाचीही भीती होती. तू आता नर्स झालीस, तुझ्यासमोर पाय उघडा केला की संपलं.

आणि कोट मी पाहिला, बरं का. तुला वाटत होतं मी झोपलेय. तुमच्या जखमांच्या खोलीत एके दिवशी एक हमाल आला होता, वासाने बाकीचे लोक लांब सरकून बसले. तू खाली मांडी घालून बसलीस आणि त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतलास. मग त्याला विचारलंस, घरी कोण कोण आहे. त्याने आपल्या म्हशीपासून सुरुवात केली, तर तू म्हशीचंही सगळं ऐकून घेतलंस. बोलता बोलता पट्टी बांधून झाली, कड अशी दुमडलेली की एक धागा बाहेर नाही. माझ्या भावाने तुझ्याशी लग्न केलं, हे त्याने आयुष्यात केलेलं एकमेव शहाणपणाचं काम आहे. त्याला सांगू नकोस, डोक्यात जाईल.

कोट खांद्यात उत्तम बसला आहे. दहापैकी दहा. हे मी कोणाला देत नाही.

मेट्रनबाईंना काय सांगितलंस ते विचारायचं माझ्या गडबडीत राहून गेलं. अजून ठरलं नसेल तर माझ्यासाठी म्हणून काही ठरवू नकोस. माझा पाय बरा होईल, तुला मात्र जन्मभर तिथे बसायचं आहे. आनंदाची जागा सोडू नकोस.

वन्सं


८ मे

वन्सं,

तुमच्या आजारपणात मेट्रनबाईंनी मला मुदत वाढवून दिली होती. आता त्यांना जखमांचा विभाग सांगितला. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "पुन्हा सांगता का?" इतक्या वर्षांत त्या खोलीत कोणी आपणहून गेलेलं नाही म्हणे. पट्टीताईंना कळलं तेव्हा त्या मला भर बोळात रागावल्या, "वेड लागलंय का तुम्हाला?" आणि नंतर दिवसभर गुणगुणत होत्या.

घरी दुखवटा आहे. कंबर, पोट आणि पुटकुळ्या, तिन्ही पक्ष हरले. तुमचे बंधुराज म्हणाले, "म्हणजे माझ्या कमरेचं काय?" मी म्हटलं, जखम करून घ्या, मग बघू.

तुमच्यासाठी ठरवलेलं नाही. म्हणजे खिडकीवर गिरवलेला तो पाय पाहिला तेव्हा मी हादरले, ते तुमच्यासाठीच. पण ठरलं त्या हमालापाशी. प्रसूतीत माणसं एकदा येतात, हसतात आणि जातात. त्यांचं सुख बघायला छान वाटतं, पण माझ्याविना त्यांचं अडत नाही, बाप पडले तर ते धरायला दुसरं कोणीही चालेल. इथे येणारा माणूस लपवून लपवून थकलेला असतो. त्याला रागावणारं पण तोंड न फिरवणारं कोणीतरी हवं असतं. मापं घेताना बायका मला हेच सांगायच्या, पोट सुटलंय, पाठीला कुबड आलंय, कोणाला दिसणार नाही असं शिवून द्या. वीस वर्षं मी लोकांचं झाकून दिलं. आता उघडून बघते आणि भरून येईपर्यंत त्यांच्याजवळ बसते. मला हेच आवडतं, वन्सं. यात माझं माप बरोबर बसतं.

आता चपला. चांभार थांबला आहे. उजवा पाय माझ्याकडे दोनदा आलेला आहे, तो नको. डावा पाठवा, आहे तसा.

तुमची,
वहिनी


१६ मे

वहिनीबाई,

सोबत डावा पाय.

काल दुपारी कागद जमिनीवर ठेवला, घड्याळजींनी पेन्सिल धरली. टाचेपासून निघाले, अंगठा झाला, बोटं झाली, आणि पुढे पेन्सिल थांबली. मी खाली पाहिलं नाही, छताकडे बघत होते. म्हटलं, काय झालं? ते म्हणाले, "काही नाही. इथे जरा वळण आहे." आणि रेघ पुढे नेली. त्यानंतर मी पाहिलं, पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग मला रडू आलं आणि ते चहा करायला गेले. चहात मीठ पडलं होतं. मी तो सगळा प्यायले.

कॉपी केलेली नाही. खिडकीला हात लावलेला नाही. कागद मी स्वतः तपासला आहे, आणि कोपऱ्यात लाल शाईने गुण लिहिलेत ते तुला दिसतीलच.

पाचपैकी चार. या वयात पुष्कळ झाले.

तुझी,
वन्सं